सेंद्रिय कोंबडीखाद्य आणि मेथिओनिनची खटपट: आमच्या शेडच्या नोंदी

२० मे २०२४

वहीत लिहिलेलं माझं मलाच लागत नाही म्हणून आता इथं टाइप करत जाणार.

शेड कोल्हापूरजवळ, जोतिबा डोंगराच्या पायथ्याला. पक्षी एकशेवीसच्या आसपास, बहुतेक ग्रामप्रिया, थोड्या गावठी. दिवसभर बाहेर चरतात, अंधार पडायच्या आत शेडमध्ये. रेडीमेड लेअर फीड (लेअर म्हणजे अंड्यावरची कोंबडी, तिचं विकतचं खाद्य) बंद करून आमच्याच रानातला मका, सोयाबीन आणि घाण्यावरची पेंड यावर त्यांना चालवायचं असं ठरलंय, म्हणजे मी आणि भावजींनी ठरवलंय, आत्तींचं मत अजून "पूर्वी कोण देत हुतं खाद्य, फिरायच्या आन् खायच्या" हेच आहे. आत्तींच्या काळातली कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी द्यायची आणि तेवढ्यावर सगळे खूश असायचे, ही गोष्ट त्या सांगत नाहीत.

ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची जात, परसातल्या अंड्यांसाठीच काढलेली. ती रोजच्या रोज अंडं घालायला बघते, त्यामुळं तिच्या पोटात काय जातंय त्याचा हिशेब ठेवावाच लागतो.

सध्याची अडचण: कवचं पातळ. ट्रेमध्ये रोज एकदोन तडकलेली निघतायत. ऊन प्रचंड आहे, दुपारी चोच उघडून धापा टाकत बसतात. धाप लागली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो, वर उन्हात खातातही कमी. म्हणजे नुसतं कॅल्शियम ओतून हे सुटणार नाही. शेडवर उसाचा पाला टाकला, पाण्याची भांडी सावलीत सरकवली, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यायला सुरुवात केली.

२६ मे

शिंपला चुरी आणली. दुकानात हिला शेल ग्रिटच म्हणतात. इथं एक घोळ नेहमी होतो म्हणून लिहून ठेवते. दगडाची बारीक खडी ही पोटातल्या चक्कीसाठी, दाणा दळायला, ती विरघळत नाही. शिंपला हा कॅल्शियमसाठी, तो विरघळतो. दोन्ही दिसायला सारखंच म्हणून लोक एकावर भागवतात. आमच्या बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांना खडे आपोआप मिळतात, शिंपला मात्र द्यावाच लागतो.

अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी खाल्लेल्यातलं सगळं पचवत नाही म्हणून दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम पोटात जायला पाहिजे. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, ती झोपलेली असताना. म्हणून चुरी संध्याकाळी, आणि भरडच, पीठ झालेली नको. भरड तुकडा चक्कीत रात्रभर हळूहळू झिरपत राहतो, पावडर झटक्यात निघून जाते आणि मग कोंबडी स्वतःच्या हाडातनं कॅल्शियम काढते.

वेगळ्या घमेल्यात ठेवली. ज्या अंड्यावर आहेत त्याच तिकडं जातायत, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) वास घेऊन परत फिरतायत. कोंबडीला कळतं.

२ जून

आज बसून खाद्याचा हिशेब केला. खरी गोम इथं आहे.

आपल्याकडं सेंद्रियचे नियम म्हणजे एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), ते अपेडाकडनं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यातीच्या संस्थेकडनं चालतं. त्यात जनावरांच्या खाद्यात शुद्ध अमिनो ॲसिड (प्रोटीनचे सुटे घटक) चालत नाही, हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटनं तेल काढलेली पेंड चालत नाही, जीएम (जनुकं बदललेलं) काही चालत नाही. आता रेडीमेड लेअर फीडच्या पोत्यात काय असतं? सोया डीओसी, म्हणजे सॉल्व्हंटनं तेल काढलेला सोया, आणि वरनं डीएल-मेथिओनिन, म्हणजे कारखान्यात बनवलेलं मेथिओनिन नावाचं अमिनो ॲसिड. दोन्ही बाद. अमेरिकेत सेंद्रिय लेअरला टनामागं २ पौंडापर्यंत सिंथेटिक मेथिओनिनची सूट दिलीय, युरोपात तीही नाही. म्हणजे जगातले सगळे सेंद्रिय कोंबडीवाले याच एका जागी अडकलेत, मी एकटी नाही.

मेथिओनिन का, तर मका-सोयावर जगणाऱ्या कोंबडीला सगळ्यात आधी तेच कमी पडतं. बाकी अमिनो ॲसिड भरपूर असली तरी हे जिथं संपतं तिथं अंड्याचं काम थांबतं. पिसातही गंधकवाली अमिनो ॲसिड लागतात. अंडं बारीक होणं, पिसं विरळ होणं, एकमेकींची पिसं ओढणं, या तिन्ही तक्रारींच्या मागं बऱ्याच वेळा हेच असतं.

लेअरला दिवसाला साधारण ३०० मिलीग्रॅम मेथिओनिन लागतं असं पुस्तकी गणित आहे. आमच्या कोंबड्या सरासरी ११० ग्रॅम खातात. १०० किलोचं मिश्रण असं धरलं:

मका ४२, बाजरी १०, भाजलेला सोयाबीन १८, शेंगदाणा पेंड १३, राईस पॉलिश (तांदूळ पॉलिश करताना निघणारी भुकटी) ७, शिंपला ८, बाकी २ मध्ये मीठ आणि मिनरल मिक्श्चर.

प्रोटीन साडेसतराच्या वर. झकास. मेथिओनिन ०.२७५ टक्के, म्हणजे ११० ग्रॅममध्ये जेमतेम ३०० मिलीग्रॅम, आणि त्यातलंही सगळं पचत नाही.

आता शेंगदाणा पेंड काढून त्याच जागी सूर्यफूल पेंड ८ आणि तीळ पेंड ५ घातली. प्रोटीन साडेसोळावर उतरलं, पण मेथिओनिन ०.३२ झालं, दिवसाला साडेतीनशे मिलीग्रॅम. म्हणजे प्रोटीन कमी आणि खाद्य चांगलं. पोत्यावर छापलेला प्रोटीनचा आकडा बघून खाद्य घेणाऱ्या सगळ्यांना हे उदाहरण द्यायला पाहिजे.

तीळ पेंडीत प्रोटीन ४० च्या आसपास आणि त्यात मेथिओनिन सोयाच्या जवळजवळ दुप्पट. मग सगळी तीळ पेंडच का नको? लायसिन (गरजेचं दुसरं अमिनो ॲसिड) कमी, शिवाय तिळाच्या सालीत ऑक्झलेट आणि फायटेट असतं, ते कॅल्शियम धरून बसतं, म्हणजे इकडं मेथिओनिन वाढवायचं आणि तिकडं कवच पातळ करायचं. ५ किलोच ठीक. सूर्यफुलाला चोथा जास्त, म्हणून ८ च्या वर जायचं नाही.

सरकी पेंड फुकट दिली तरी नको. आपल्याकडं पिकतो तो कापूस बहुतेक सगळा बीटी, म्हणजे जीएम, आणि सरकीत गॉसिपॉल असतं, बलक हिरवट पडतो. सोया आमचा स्वतःचा आहे ते बरंय, नाहीतर २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती, तेव्हापासून बाजारातल्या पोत्याबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

७ जून

सोया भाजणे. कच्चा सोयाबीन कोंबडीला चालत नाही, त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, प्रोटीन पचूच देत नाही. फुटाण्याच्या भट्टीवाल्या मामांकडं घेऊन गेलो. ते म्हणाले, "शेंगदाणं भाजतो तसं करू का फुटाण्यागत?" मी म्हणलं मामा मधलं करा. ते हसले, मधलं म्हणजे काय.

तर मधलं कळायला एक परीक्षा आहे, ती घरी केली. कच्च्या सोयात युरिएज नावाचं एन्झाइम असतं आणि भाजताना ते साधारण ट्रिप्सिन इनहिबिटरबरोबरच मरतं. दोन बरण्या घेतल्या, एकीत कच्च्या सोयाचं पीठ, एकीत भाजलेल्याचं, दोन्हींत चमचाभर युरिया (शेजारच्या काकांच्या पोत्यातला, आमच्या रानात तो येत नाही) आणि कोमट पाणी, झाकणं घट्ट. वीस मिनिटांनी उघडल्या. कच्च्याच्या बरणीनं नाकातले केस जळाले, गोठ्यात सकाळी येतो तसला अमोनियाचा भपका. भाजलेल्याला किंचित वास. म्हणजे थोडं अजून भाजायला हवं होतं, पण अगदी काळा केला तर लायसिन जळतं. दुसरी खेप मामांनी अजून जरा खरपूस करून दिली, तिला वासच नाही. दाणा फोडला तर आतनं फिकट तपकिरी, चावला तर कच्च्या शेंगेची चव नाही. बरण्यातलं सगळं उकिरड्यावर, कोंबड्यांपासनं लांब.

१२ जून

पाऊस लागला. पहिल्या सरीनंतर बांधावर पंखवाल्या वाळव्या निघाल्या आणि कोंबड्या अक्षरशः येड्या झाल्या. आज खाद्य निम्मं शिल्लक.

आत्तींनी आज पहिल्यांदा प्रोजेक्टमध्ये रस दाखवला. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि तुरीची धसकटं भरून ते वाळवीच्या भोकावर पालथं घालायचं, सकाळी उचललं की मडकं वाळवीनं भरलेलं. त्यांच्या माहेरी पिल्लांना असंच द्यायचे. फुकटातलं जनावरी प्रोटीन, मला लॅबचा आकडा नकोच. रोज जमणार नाही हा भाग वेगळा.

१९ जून

तीळ पेंड आली. घाण्यावरनं ताजी, अजून तेलाचा वास. सूर्यफूल पेंड लक्ष्मीपुरीतनं. गिरणीत भरडून घेतलं, पीठ नको म्हणून सांगितलं होतं तरी अर्धं पीठ. कोंबडी दाणे वेचते आणि पीठ खाली सोडते, आणि सगळी पेंड त्या पिठातच, म्हणजे जे द्यायचं तेच उरतं. थोडं ताक शिंपडून कालवून दिलं तेव्हा चाटूनपुसून.

नवीन मिश्रण आजपासून. आजचा ३० अंड्यांचा ट्रे: १ किलो ५३० ग्रॅम, म्हणजे अंडं ५१ ग्रॅम.

२८ जून

अझोला, पाण्यावर तरंगणारी वनस्पती. हौदात छान वाढलाय, हिरवागार गालिचा वगैरे. व्हिडिओ बघून सगळे म्हणतात अझोला लावा, खाद्याचा खर्च अर्धा. गणित करते. ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. १ किलो ओला वाळवला तर ६०-७० ग्रॅम. त्यात २५ टक्के प्रोटीन धरलं तर १६ ग्रॅम. आमचा हौद रोज २ किलो देतो, म्हणजे ३२ ग्रॅम प्रोटीन. पक्षी रोज १३ किलो खाद्य खातात, त्यात २ किलोच्या वर प्रोटीन. दोन हजार ग्रॅममध्ये बत्तीस. झालं.

टाकून देणार नाही, हिरवा चारा म्हणून चांगलाच आहे, कॅरोटीन मिळतं, कोंबड्या आवडीनं खातात. पण पेंडीला पर्याय म्हणून कुणी सांगितलं तर त्याला कॅल्क्युलेटर द्यावा.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरायला सुरुवात. शंभराला एखाद-दोन किलो.

५ जुलै

बलक. गिऱ्हाईक अंडं फोडून पहिलं बलकाकडंच बघतं. केशरी दिसला की "अस्सल गावठी", फिका दिसला की "ह्ये बॉयलरचं दिसतंय ओ". रंगाचा आणि ताकदीचा तसा थेट संबंध नाही, रंग येतो ल्युटिन-झिअॅक्सँथिनमुळं, ते पिवळा मका, लसूण घास, शेवगा, झेंडू यातनं मिळतं. पण गिऱ्हाइकाला हे समजावत बसण्यापेक्षा पाला घातलेला परवडला. बलक भरायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आज घातलेल्या पाल्याचा रंग पुढच्या आठवड्यात दिसायला पाहिजे.

१२ जुलै

आखाड सुरू, त्र्यंबोलीच्या जत्रेचे मंगळवार-शुक्रवार, कोंबड्याला मागणी तुफान. भावजींनी जास्तीचे नर काढले. नोंद घेण्यासारखं एवढंच की नर गेल्यावर खाद्य वाचलं. नराला शिंपल्याचं खाद्य लागत नाही, तरी तो तेच खात होता.

ट्रे: १ किलो ५९० ग्रॅम. अंडं ५३ ग्रॅम. नवीन खाद्य चालू होऊन तीनेक आठवडे झाले, ऊन पण गेलंय, त्यामुळं सगळं श्रेय तिळाला देता येत नाही. तरी बघू.

२६ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाची धोक्याची पातळी ओलांडली. केर्लीच्या बाजूला पाणी चढायला लागलं म्हटल्यावर शहरात जायचं बंदच. आम्ही वर आहोत, शेडला धोका नाही, पण तीळ पेंड संपत आलीय आणि घाणा पलीकडं.

गावात शेंगदाणा पेंड मिळते. तीच घालावी लागणार. आणि हाच तो पावसाचा महिना ज्यात शेंगदाणा पेंडीला सगळ्यात जास्त भ्यायला पाहिजे, कारण अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. ती बुरशी शेंगदाणा आणि मक्यावर सगळ्यात जोमात येते. डोळ्यांना बुरशी दिसली नाही तरी विष असू शकतं आणि भाजून, उकडून ते जात नाही. २० पीपीबीच्या वर नको असं म्हणतात, म्हणजे एका टनात २० मिलीग्रॅम, घरी बसून काय मोजणार. पेंडीचा तुकडा फोडून बघितला, आतनं पांढरट, खवट वास नाही, म्हणून घेतली. थोडीच घेतली.

कोंबड्या आतच कोंडलेल्या. तूस ओलं होतंय, वर कोरडं टाकतोय. खडी पण आत द्यायला सुरुवात केली, बाहेर जात नाहीत तर दगड कुठनं मिळणार.

१ ऑगस्ट

टोचाटोची सुरू. एका ग्रामप्रियाच्या शेपटीच्या बुडाला रक्त, तिला डालग्याखाली वेगळी ठेवली, हळद-तेल लावलं. दोघीतिघींची पाठ उघडी पडलीय.

कोंडून ठेवलं की असं होतंच, गर्दी, कंटाळा, ओल. पण खाद्यही बदललंय, वाळवी-किडे बंद झालेत, हिरवं कमी आहे, म्हणजे मेथिओनिनला चारी बाजूंनी कात्री लागलीय. कोबीचे गड्डे दोरीनं टांगले, त्यावर उड्या मारत बसतात, निदान एकमेकींना सोडतात. भावजींनी घरातला सुका जवळा काढून दिला. मासळीत मेथिओनिन भरपूर, पण सुकटीला मीठ असतं, कोंबडीला जास्त मीठ झालं की पातळ हगतात आणि नुसतं पाणी पीत बसतात. भिजवून, पाणी ओतून, मग मूठभरच, आणि खाद्यातलं मीठ बंद. जास्त दिवस दिलं तर अंड्याला वास मारतो, श्रावण तोंडावर आलाय, त्यात वासाचं अंडं कोण घेणार.

ट्रे: १ किलो ५२० ग्रॅम. मिळवलेलं सगळं गेलं.

८ ऑगस्ट

पाणी उतरलं, रस्ता सुरू. सगळ्यात आधी घाण्यावर जाऊन तीळ पेंड आणली. बाहेर सोडलं तेव्हा तासभर नुसत्या धावत होत्या.

श्रावण लागलाय, अंड्याला उठाव नाही. बरंच आहे, प्रयोगाला वेळ मिळतो.

१७ ऑगस्ट

दुकानात शिंपला आणायला गेले तर दुकानदारानं बाटली पुढं केली. "वहिनी, ह्ये न्या की. पिसं बी येत्याती आन् अंडी बी वाढत्यात. पाण्यातनं द्यायचं, काय ताप न्हाई." वर पानाचं चित्र, 'हर्बल' असं मोठ्या अक्षरात. मागं बारीक अक्षरात डीएल-मेथिओनिन, लायसिन, कोलीन. म्हणजे गुण येईल यात शंका नाही, येणारच, तेच तर कमी आहे! पण मग आम्ही तिळाच्या मागं कशाला फिरतोय.

बाटल्यांबद्दल एकूणच. लिव्हर टॉनिक, कॅल्शियम लिक्विड, एडी३ई (ए, डी३ आणि ई व्हिटॅमिन), ग्रोथ प्रमोटर. पूर्वी यातल्या काहींत कोलिस्टिन पण असायचं, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं अँटिबायोटिक, २०१९ च्या जुलैत केंद्रानं ते जनावरं-कोंबड्यांच्या खाद्यात घालायला बंदी आणली. म्हणून मागची अक्षरं वाचल्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि अक्षरं नसली तर अजिबातच नाही.

उन्हात फिरणाऱ्या कोंबडीला डी३ उन्हातनं मिळतं, ए हिरव्यातनं. पावसाळ्यात दोन्ही मागं पडतं तेव्हा व्हिटॅमिन द्यावं लागलं तर देईन, नियमातही नैसर्गिक पुरेसं नसेल तर वाट ठेवलेली आहे. पक्ष्याचे हाल करून सेंद्रिय म्हणवून घेण्यात काही अर्थ नाही.

३ सप्टेंबर

ट्रे: १ किलो ५८० ग्रॅम.

पाठी भरत आल्यात, नवीन पिसांचे कोंब दिसतायत. टोचणं थांबलं. ऊन पण पडतंय आणि बाहेर पण फिरतायत, म्हणून कुठल्या गोष्टीनं किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही, पण तीळ दोनदा चालू झालं, मधे एकदा बंद झालं, आणि तिन्ही वेळा वजन तसंच हललं.

१४ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या गडबडीत नोंदी राहिल्या. राईस पॉलिशचं पोतं खवट झालं, सगळं उकिरड्यात. पॉलिशमध्ये तेल असतं आणि ते फुटायला लागलं की थांबत नाही, ई व्हिटॅमिन खाऊन टाकतं. इथनं पुढं आठवड्याला लागेल तेवढंच आणायचं.

४ ऑक्टोबर

नवीन पिल्लं आली. लगेच एक पाटी लिहून शेडला लावली: लेअरचं खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यात शिंपला ८ टक्के, पिल्लाला कॅल्शियम १ टक्का पुरे. जास्त झालं की मूत्रपिंड जातं, गाऊट होतो, पांढरी खडू-खडू साठते आत. घरात कुणीही येतंय आणि मूठभर टाकतंय, म्हणून पाटी.

पिल्लांना दुसरी भीती राइबोफ्लेविनची, म्हणजे बी२. कमी पडलं की पायाची बोटं आत वळतात आणि पिल्लू घोट्यावर बसून चालतं. धान्यात ते कमीच असतं. बाजारातलं बी२ बहुतेक सूक्ष्मजीवांपासनं बनवतात, त्यातले काही जीएम, म्हणून सेंद्रियवाल्यांना तिथंही डोकेदुखी. आपल्याकडं दुधाला तोटा नाही. खाद्य ताकात कालवून, शिवाय लसूण घास बारीक चिरून. ताक उन्हात ठेवायचं नाही, उजेडानं बी२ उडतं. आत्ती म्हणतात, "ताक द्या म्हणून मी पयल्यापासनं सांगतोय." (आमच्याकडं बायकाही सांगतोय-बघतोयच म्हणतात.) हे मात्र खरंय, त्या सांगत होत्या.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला. झेंडूचा ढीग रस्त्याकडंला नुसता टाकून दिलेला. गाडीभर आणावा असं वाटलं, मग विचारलं तर फुलावर अळीचं औषध मारलेलं. सोडून दिलं. पुढच्या वर्षी बांधावर आपलाच झेंडू.

एका बाईंनी विचारलं पाकिटावर ऑरगॅनिक का लिहीत नाही. सर्टिफिकेट नाही म्हणून. पीजीएस गटात (शेतकरीच एकमेकांचं रान तपासून सेंद्रियची हमी देतात तो गट) जायचा विचार चाललाय, तोपर्यंत खाद्यात काय आहे ते कागदावर छापून ट्रेवर ठेवतो, वाचणारे वाचतात.

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. सोया आणि मका घरात आला. वर्षभराचं खाद्य आता ठरणार आहे, कारण मका नीट वाळला नाही तर जुलैपर्यंत त्यात काय काय उगवेल सांगता येत नाही.

ओलावा बघायला मीटर नाही. काचेच्या कोरड्या बाटलीत पाव भाग मका, वर दोन चमचे तव्यावर कोरडं केलेलं मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायची, मग जरा थांबायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधराच्या वर. आज सकाळच्या ढिगातला घेतला तर काचेवर पांढरी पुटं. पलीकडच्या, तीन दिवस जास्त वाळलेल्या ढिगातला घेतला तर मीठ खाली सुटं. पण सुटं म्हणजे पंधराच्या आत एवढंच, आपल्याला बारा-तेरा पाहिजे, म्हणून तोही अजून दोन उन्हं दाखवणार. भावजी दाताखाली धरून बघतात, कट्ट आवाज आला की झाला म्हणतात, आणि त्यांचं माप बाटलीशी जुळतंय.

बारदान थेट फरशीवर नाही, खाली लाकडी फळ्या. भिंतीपासनं हातभर लांब. तीळ पेंड एकदम न घेता महिन्याची महिन्याला, आणि पावसाळ्याआधी दोन महिन्यांची जादा, तेवढी कोरडी जागा आत्तींच्या ट्रंकेच्या खोलीत काढलीय. त्यांनी एका अटीवर दिली, वाळवीचं मडकं पहिल्या पावसाला भावजींनी स्वतः लावायचं.

पिल्लं धडधाकट. बोटं सरळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यावर येतील, तेव्हा पहिलं अंडं दिसायच्या दोन आठवडे आधी शिंपल्याचं घमेलं त्यांच्यापुढं ठेवायचं आणि पाटी काढायची.